सूनबाई दौऱ्यावर, चिरंजीव गोल्फवर

बायको नोकरीच्या कामाने परगावी गेलेली असताना नवऱ्याने आपल्या सुटीच्या दिवशी गोल्फ खेळावा की नाही, हा प्रश्न आपल्या मोहोळात कधी चर्चेला येईल असे आम्हाला वाटले नव्हते. मोहोळ म्हणजे सोलापूर-पुणे रस्त्यावरचे, पंढरपूरला फाटा फुटणारे तालुक्याचे गाव. येथे ऊस आहे, तालुक्यात साखर कारखाने आहेत, रेल्वे स्टेशन आहे. गोल्फचे मैदान मात्र नाही. तरीही गेले पंधरा दिवस आमच्या वस्तीत चहाच्या टपरीपासून विहाराच्या पायरीपर्यंत हाच विषय चघळला जात आहे. तेव्हा म्हटले, या आठवड्याला यावरच लिहावे.

हकीकत अशी आहे. आमच्या शेजारचे मामा रेल्वेत गँगमन होते. उन्हातान्हात रूळ सांभाळून त्यांनी मुलाला शिकवले. मुलगा आज पुण्यात एका कंपनीत आहे. सूनबाईही शिकलेल्या, त्यांची नोकरी दुसऱ्या कंपनीत. त्यांना कंपनीने आठ दिवसांसाठी बंगळुरूला पाठवले. चार वर्षांच्या नातीला सांभाळायला मामी मोहोळहून पुण्याला गेल्या. मधे रविवार आला. चिरंजीवांना ऑफिसातल्या मित्राने गोल्फच्या मैदानावर नेले. तिथला फोटो त्यांनी वडिलांच्या मोबाईलवर पाठवला. डोक्यावर टोपी, हातात काठी, मागे हिरवेगार गवत. मामांनी तो कौतुकाने चारचौघांना दाखवला आणि बोलणी सुरू झाली.

एकजण म्हणाला, "बायको तिकडं राबायलीय आन् ह्यो इकडं दांडू खेळायलाय व्हय?" दुसरा म्हणाला, "आवो, त्यो सायेब लोकांचा खेळ. आपण कशाला जावं तिकडं?" तिसरे आमच्यासारखेच कार्यकर्ते. ते म्हणाले, "समाजाच्या कामाला यांना रविवार सापडत नाही, गोल्फला बरा सापडतो." मामा हिरमुसले. आमच्याकडे येऊन म्हणाले, "भाऊसाहेब, तुमी लिवणारी माणसं. माझ्या पोराचं काय चुकलं ते सांगा."

आक्षेप तीन आहेत. एक सुटीबद्दल, एक खेळाबद्दल आणि एक बायकोबद्दल. आम्ही तिघांचाही विचार केला.

सुटीपासून सुरुवात करू. आपण रविवार हा पंचांगातून आल्यासारखा धरून चालतो. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आठवड्याची ठरावीक सुटी नव्हती. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत कामगार उभा. महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्यातून एक दिवस सुटी मागितली. सहा वर्षे हा लढा चालला. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

त्यानंतरचे काम बाबासाहेबांनी केले. जुलै १९४२ मध्ये ते व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. त्यांच्या काळात, १९४५ साली, कारखान्यातील कामगाराला पगारी रजा देणारी कायद्यातील दुरुस्ती झाली. १९४६ साली कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. पगारी रजा याचा अर्थ नीट समजून घ्या. माणूस घरी बसला तरी त्याची चूल पेटली पाहिजे, इतका तो अर्थ सरळ आहे. यंत्रालासुद्धा तेलपाण्यासाठी थांबवतात, मग माणसाने का थांबू नये?

आज राज्य सरकारच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. पण आपल्याच तालुक्यात फडात जाऊन पाहा. ऊसतोड कामगाराला हंगामात रविवार नाही की सोमवार नाही. एक दिवस अंग दुखले म्हणून झोपला तर 'खाडा' पडतो आणि पैसे कापले जातात. सुटीची किंमत काय असते ते त्याला विचारा. म्हणून ज्याला सुटी मिळते त्याने ती घ्यावी, चांगली घ्यावी, आणि ज्याला मिळत नाही त्याच्या बाजूने बोलावे.

आमच्या कार्यकर्ते मित्राला आमचे सांगणे आहे की समाजाचे काम हे कर्तव्य आहेच. ते टाळणाऱ्याची बाजू आम्ही घेणार नाही. पण सुटीच्या प्रत्येक तासाचा हिशेब कोणी कोणाला द्यावा? आठवडाभर मालकाला, रविवारी समाजाला, मग स्वतःला कधी? चळवळीत वीस-वीस वर्षे काढलेले कार्यकर्ते आम्ही पाहतो. कुणाला साखर, कुणाला रक्तदाब. सकाळी तासभर चालायलाही त्यांना वेळ नसतो. असे कार्यकर्ते चळवळीला किती वर्षे पुरणार?

आता खेळाकडे येऊ. गोल्फ म्हणजे काय, हे आपल्या बहुतेकांना टीव्हीवर ओझरते दिसते तेवढेच. खेळ समजायला सोपा आहे. जमिनीत सव्वाचार इंच रुंदीचा एक खड्डा असतो. तो काही शे मीटर दूर. काठीने चेंडू मारत मारत तो त्या खड्ड्यात घालायचा. असे अठरा खड्डे. क्रिकेटमध्ये धावा जास्त केलेला जिंकतो, येथे कमीत कमी फटक्यांत पोहोचणारा जिंकतो. पूर्ण डाव खेळायला चार तास लागतात आणि दोन-अडीच कोस चालणे होते. आमच्या लहानपणी आम्ही माळावर विटी-दांडू खेळताना 'वकट, लेंड, मूंड, नाल' असे मोजायचो. सोलापूरच्या तेलुगू विणकर भावांना हे आकडे त्यांच्या भाषेतले आहेत हे लगेच कळते. काठीने मारायचे आणि अंतर मोजायचे हे आपल्या पोरांना नवीन नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला आवडली. या खेळात बहुधा पंच सोबत फिरत नाही. आपले फटके आपणच मोजायचे. चेंडू चुकून हलला तर आपणच सांगायचे आणि दंडाचा फटका स्वतःच्या नावावर लिहायचा. प्रामाणिकपणाची ही शिस्त आपल्या मुलांना लागली तर वाईट काय?

आता 'साहेब लोकांचा खेळ' या आक्षेपाबद्दल. हा खेळ वाढला स्कॉटलंडमध्ये. तिथल्या संसदेने १४५७ साली त्यावर बंदी घातली होती, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून याच्या नादी लागले होते. म्हणजे तो तेव्हा राजवाड्यापुरता नव्हता. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील जगप्रसिद्ध जुने मैदान आजही सार्वजनिक जमिनीवर आहे. एरवी दर रविवारी तेथे खेळ बंद असतो आणि गावातली माणसे पोराबाळांना घेऊन त्या हिरवळीवर फिरतात. आपल्याकडे मात्र इंग्रजाने हा खेळ कुंपणासह आणला. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा, मुंबईचा १८४२ सालचा. कुंपणाच्या आत साहेब खेळायचा आणि त्याच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन मागे गरीब घरचा पोरगा चालायचा. त्याला कॅडी म्हणतात. पिशवीत चौदापर्यंत काठ्या. गवत कापणारा, पाणी मारणारा, चेंडू शोधणारा तोही गरीबच. इंग्रज गेला, पण कुंपण राहिले.

तरी या पिशवी वाहणाऱ्यांनी काय केले ते ऐका. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेले अली शेर यांनी १९९१ साली इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकली. ती जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. कलकत्त्याच्या मैदानावर गवताची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा शिवशंकर प्रसाद चौरसिया यांनी २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे तीच स्पर्धा जिंकली. २०१६ च्या ऑलिंपिकमध्येही ते भारतातर्फे खेळले. त्याच वर्षी दिल्लीत पॅनासोनिक ओपन स्पर्धा जिंकली ती महूच्या मुकेश कुमार यांनी, वयाच्या ५१ व्या वर्षी. होय, तेच महू, जिथे १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला.

मुंबईत चेंबूरला मोठे गोल्फ मैदान आहे. आजूबाजूच्या झोपडपट्टीतील मुले तेथे कॅडीचे काम करतात. मैदानावर त्यांना मनासारखे खेळता येत नाही. मग त्यांनी बांधकामावरची लोखंडी सळई वाकवून काठी केली, प्लास्टिकचा चेंडू घेतला आणि घरांच्या मधल्या बोळातच गोल्फ सुरू केला. कोणाची खिडकी, कोणाचे गटार, कोणाची वाळत घातलेली चादर, या सगळ्यातून चेंडू नेमका काढायचा. देशोदेशीचे छायाचित्रकार तो खेळ पाहायला आले.

परदेशातली एक गोष्ट तर आपल्या प्रत्येक घरात सांगण्याजोगी आहे. दक्षिण आफ्रिकेत डर्बनला पापवा सेवगोलम नावाचा खेळाडू होऊन गेला. उसाच्या मळ्यात गिरमिटिया म्हणून नेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशातला हा मुलगा कॅडीचे काम करीत वाढला. कोणी शिकवले नाही, म्हणून काठी धरताना त्याचे हात इतरांच्या उलटे असत. त्याच उलट्या हातांनी त्याने हॉलंडची मोठी स्पर्धा तीन वेळा जिंकली. १९६३ साली त्याने स्वतःच्या देशात, गोऱ्यांच्या बरोबरीने खेळून, नाताल ओपन ही स्पर्धा जिंकली. बक्षीस समारंभाच्या वेळी पाऊस आला. गोरे खेळाडू क्लबच्या इमारतीत. पापवा रंगाने काळा, त्याला आत प्रवेश नाही. विजेत्याने आपला चषक बाहेर पावसात उभे राहून घेतला. तो फोटो जगभर गेला आणि वर्णद्वेषी राजवटीची छी-थू झाली. पुढे सरकारने त्याला मोठ्या स्पर्धांतून खेळायलाच बंदी केली. आज डर्बनला त्याच्या नावाचे गोल्फ मैदान आहे.

हे वाचून आपल्याला बाळू पालवणकर आठवल्याशिवाय राहत नाहीत. पुण्यात साहेबांच्या क्रिकेट मैदानाची निगा राखणारा चर्मकार समाजातील हा तरुण १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊन आला. पण पुण्यात त्याला चहा मिळायचा तो बाहेर, मातीच्या कपात. अमेरिकेतही गोल्फच्या व्यावसायिक संघटनेने फक्त गोऱ्यांनाच सभासद करण्याचा नियम १९६१ साली काढून टाकला. ऑगस्टाच्या प्रसिद्ध क्लबात कित्येक वर्षे सगळे कॅडी काळे होते आणि पहिला काळा सभासद मात्र १९९० साली घेतला गेला. सात वर्षांनी त्याच मैदानावर टायगर वूड्स जिंकला.

तेव्हा मामांच्या मुलाने त्या गवतावर पाय ठेवला, यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही. गँगमनचा मुलगा पिशवी वाहायला गेला नाही, खेळायला गेला. आम्हाला तर तो फोटो चांगला वाटला. या खेळाला पाणी फार लागते, जमीन फार लागते, क्लबाचे सभासदत्व सामान्याच्या आवाक्याबाहेर असते, या तक्रारी आमच्याही आहेत. दुष्काळ पाहिलेल्या सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला हिरव्या गवतावर फवारणारे पाणी टोचतेच. पण त्या तक्रारी क्लबांकडे आणि सरकारकडे करायच्या. आपल्या पोराच्या हातातली काठी काढून घेऊन त्या सुटणार नाहीत.

उरला बायकोचा प्रश्न. "बायको राबायलीय आणि हा खेळायलाय." या बोलण्यात बायकोविषयी कळवळा आहे असे वरवर दिसते. पण सूनबाई काही शिक्षा भोगायला गेल्या नव्हत्या. त्या आपल्या कामाला गेल्या होत्या. आपल्या भागात उसाच्या फडात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. दोघे बरोबर निघतात, दोघे बरोबर राबतात, आणि मुकादमाच्या वहीत नाव बहुधा नवऱ्याचे असते. बाईच्या कामाला वेगळे नाव नाही, वेगळा दाम नाही. त्याच मातीतल्या घरची एक सून स्वतःच्या नावाच्या तिकिटावर, स्वतःच्या कामासाठी, कंपनीच्या खर्चाने एकटी बंगळुरूला जाते. ही केवढी मोठी मजल आहे! २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की समाजाची प्रगती ते स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. त्या मापाने मोजले तर मामांचे घर पुढे गेले आहे. तिच्या पाठीमागे नवऱ्याने तोंड पाडून बसावे, अशी काही रीत नाही. आपले काम चोख करून तिने तिकडे एखादी संध्याकाळ मैत्रिणींबरोबर बागेत घालवली असेल, तर तिलाही कोणी बोलू नये.

मग सगळेच बरोबर आहे का? नाही. कारण वस्तीत तीन आक्षेप निघाले, पण चौथी गोष्ट कोणीच विचारली नाही. त्या रविवारी नात कोणाजवळ होती? दुपारचा स्वयंपाक कोणी केला?

मामी परत आल्यावर आम्ही त्यांना सहज विचारले, "मामी, पुणे कसे वाटले?" त्या म्हणाल्या, "पुनं कुटं बगितलं भाऊ? आठ दिस सयपाकघर बगितलं." त्या तक्रार करीत नव्हत्या. हसत सांगत होत्या. उलट मुलाने एक दिवस मन रमवले याचे त्यांना कौतुकच होते. "त्यो बी दमतोय की," म्हणाल्या. आम्ही विचारले, "आणि तुमची सुटी?" त्यावर त्यांना उत्तर सुचेना. हा प्रश्न साठ वर्षांत त्यांना कोणी विचारलेलाच नव्हता.

केंद्र सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. त्यात दिसले की घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी, बिनपगारी घरकामात घालवतात. घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटे. आणि मुळात घरकाम करणारे पुरुष शंभरात २६, तर बायका ८१. यात रविवार वेगळा नाही. उलट रविवारी सगळे घरी, म्हणून मटण, म्हणून पाहुणे, म्हणून साठलेले धुणे. पुरुषाची सुटी जितकी मोठी, तितका बाईचा रविवार जड.

१८९० च्या त्या सभेत ज्या दोन स्त्रिया बोलायला उभ्या राहिल्या, त्यांनी रविवार मागितला होता. गिरणीने तो दिला. घराने दिला की नाही, याची नोंद कोणी ठेवली नाही. सूनबाई नोकरीला लागल्या, दौऱ्यावर गेल्या, आणि त्यांच्या वाट्याचे घरकाम नवऱ्याकडे सरकण्याऐवजी सरळ सासूकडे गेले. एक बाई पुढे जाताना दुसरी बाई चुलीपाशी बसवली गेली. याला आपण समता म्हणायचे का?

यावर आमची काही साधी सुचवणी आहेत. सूनबाईंचा दौरा ठरला की नवऱ्याने आधी स्वतःच्या रजेचा अर्ज लिहावा, मग आईला फोन करावा. रजा दुखण्याला आणि लग्नकार्यालाच असते असे नाही, आपले मूल सांभाळायलाही असते. आईला बोलवायचेच झाले तर तिला विचारून बोलवावे, गृहीत धरू नये. आणि आली की आठवड्यात एक दिवस तिचा. त्या दिवशी स्वयंपाक मुलाने करावा. आमच्या घरी आयुष्मती कामाच्या प्रशिक्षणाला जातात तेव्हा भात आणि आमटी आम्ही करतो. भाकरी थापायला अजून जमत नाही, ती शेजारून विकत घेतो आणि पैसे हातावर ठेवतो. काही बिघडत नाही.

खेळायला जाताना लेकीला बरोबर न्यावे. चार वर्षांच्या पोरीच्या हातात छोटी काठी द्यावी. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला बंगळुरूची अदिती अशोक गोल्फमध्ये चौथी आली, पदक थोडक्यात हुकले. तिच्या काठ्यांची पिशवी घेऊन अठरा खड्डे तिच्याबरोबर चालली ती तिची आई. लेकीच्या खेळासाठी आईबाप असे उन्हात चालतात, तेव्हा मुलगी तिथवर जाते.

शेवटची सूचना आपल्या विहारांना आणि महिला मंडळांना आहे. १० जून आपण क्वचितच पाळतो. या वर्षीपासून तो दिवस घरातल्या बाईच्या सुटीचा म्हणून पाळावा. त्या दिवशी पाणी भरणे, स्वयंपाक, भांडी पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी करावी. संध्याकाळी विहारासमोरच्या पटांगणात सासवा, सुना, लेकी सगळ्यांनी खेळायला यावे. खो-खो खेळा, लंगडी खेळा, विटी-दांडू खेळा. कोणाला सळई वाकवून गोल्फ खेळावासा वाटला तर तोही खेळा. आमच्या वस्तीत आम्ही हे करणार आहोत. चहा आणि पोहे करायची जबाबदारी आम्ही आणि आमच्या तिन्ही आक्षेपकर्त्या मित्रांनी घेतली आहे. आपल्या गावी काय ठरले ते पत्राने जरूर कळवावे.

जयभीम.